दहावी संपते न संपते तोच कॉलेज कोचची स्कॉलरशिप ऑफर, आणि उत्तराला दोनच आठवडे: काय सांगायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतलं मराठी कुटुंब, बाबा एच-1बी वर, ग्रीन कार्डच्या रांगेत. मुलगी स्विमर, बॅकस्ट्रोक आणि 200 आयएम (एकाच शर्यतीत चारही स्ट्रोक), नुकतीच दहावी संपवलीय. 15 जूनला सकाळी सकाळी एका डिव्हिजन वन (कॉलेजच्या खेळांतली सगळ्यात वरची पातळी) कॉलेजच्या कोचचा फोन, आठवड्याभरात दुसरा फोन, आणि त्यात थेट 60 टक्के स्कॉलरशिपची ऑफर, 10 जुलैपर्यंत काय ते कळवा. कॉलेज सरकारी आहे पण दुसऱ्या राज्यातलं. आई म्हणते हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका. बाबांना वाटतंय पोर आत्ता कुठे सोळाची होतेय, एवढी घाई कशाला. आणि घासाघीस करता येते का, आपल्या व्हिसामुळे काही अडेल का, दुखापत झाली तर पैशांचं काय, हे वर.

मी क्लबमध्ये कोचिंग करते आणि बरीच वर्षं पोरांच्या रिक्रूटिंगच्या भानगडी जवळून बघतेय, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी पोरीचं अभिनंदन, कारण पहिल्याच आठवड्यात आकडा सांगणारा कोच म्हणजे त्यांनी तिचं नाव वर्षभर आधीपासून यादीत ठेवलेलं असतं. आता उत्तर. हो म्हणू नका, नाही म्हणू नका, आणि 10 जुलैपर्यंत गप्पही बसू नका. मुदत संपायच्या पाच-सहा दिवस आधी पोरीने स्वतः फोन करायचा आणि कोचला आपली तारीख द्यायची, की ऑगस्टमध्ये मला ऑफिशियल व्हिजिटला (म्हणजे कॉलेजच्या खर्चाने कॅम्पस बघायला) यायचंय, ती झाल्यावर अमुक तारखेला मी नक्की सांगते. बस. बाकी सगळं मी लिहिणार आहे ते या एका फोनच्या तयारीसाठी.

तारीखच का, तर एनसीएएचे, म्हणजे कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या संस्थेचे, नियम बघा. स्विमिंगसकट बहुतेक खेळांत डिव्हिजन वनच्या कोचला दहावीनंतरच्या 15 जूनपासून मुलांशी बोलता येतं, आणि कॅम्पसवर ऑफिशियल व्हिजिट अकरावीच्या आधीच्या 1 ऑगस्टपासून. ऑफर जूनमध्ये, मुदत 10 जुलै, आणि कॉलेज बघायची परवानगी 1 ऑगस्टला! म्हणजे कोच तुम्हाला कॉलेज न बघताच हो म्हणायला सांगतोय. हे त्यालाही माहितीय, म्हणून व्हिजिटपर्यंत थांबा म्हटलं की बहुतेक कोच थोडं कुरकुरतात आणि मान्य करतात. (2019 ला हे नियम आले त्याच्या आधी तर आठवी-नववीतल्या पोरी शब्द देऊन मोकळ्या व्हायच्या, सॉकर आणि लॅक्रॉसमध्ये सर्रास, त्या मानाने आत्ता खूपच बरं आहे.)

दुसरं म्हणजे ही ऑफर तोंडी आहे. लग्नाची बोलणी सुरू झालीत, सुपारी फुटलेली नाही. तुमच्या पोरीने आज हो म्हटलं तरी कॉलेज कायद्याने बांधलं जात नाही, ती पण नाही. लेखी ऑफर द्यायची परवानगीच मुळात बारावी सुरू होतानाच्या 1 ऑगस्टपासून आहे, आणि सही नोव्हेंबरमध्ये. पूर्वी नॅशनल लेटर ऑफ इंटेंट नावाचा कागद असायचा, 1964 पासूनचा, तो ऑक्टोबर 2024 मध्ये बंद झाला, आता थेट कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या करारावर सही होते. त्यामुळे कोणी जुने जाणकार तुम्हाला एनएलआय (तोच जुना कागद) कधी मिळणार म्हणून विचारत असतील तर ऐकून सोडून द्या.

म्हणजे आजच्या तोंडी हो पासून कागदापर्यंत तेरा-चौदा महिने आणि सहीपर्यंत जवळपास दीड वर्ष. या मधल्या काळात काय काय होतं ते लोकांना सुचत नाही. कोच नोकरी बदलतो, ही सगळ्यात कॉमन गोष्ट. माझ्या ओळखीतली एक मुलगी, फ्रीस्टाइलर, जुलैत शब्द दिला, इन्स्टावर कॉलेजची टोपी घालून फोटो टाकला, आणि पुढच्या वसंतात हेड कोच दुसऱ्या युनिव्हर्सिटीत गेला. नवीन कोचने शब्द दिलेल्या सगळ्या पोरींना एकेक फोन केला आणि गोड बोलून तिचा आकडा निम्म्यावर आणला. तक्रार कुठे करणार, कागदच नाही! ती तरली कारण आईने तिला बाकीच्या दोन कोचना नाही कळवताना नीट, आभार मानून मेल लिहायला लावलं होतं आणि त्यातल्या एकाने परत दार उघडलं.

आणि खेळच बंद होतो हेही आता दुर्मिळ राहिलं नाहीये. 2020 मध्ये स्टॅनफर्डने 11 खेळ बंद करायचं जाहीर केलं, मग 2021 मध्ये माघार घेतली, पण मिशिगन स्टेटची स्विमिंग टीम गेली ती गेलीच. मार्च 2025 मध्ये कॅल पॉली, सॅन लुइस ओबिस्पोवाल्यांनी मुलं-मुली दोन्ही स्विमिंग डायव्हिंग एका झटक्यात बंद केलं. स्विमिंग पैसे कमावत नाही, पैसे कमी पडले की पहिली नजर आपल्यावरच जाते. म्हणून मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारायला लावते की उद्या टीमच नसली तरी या कॉलेजात हीच डिग्री करायला आवडेल का. याचं उत्तर पोरीकडून हवं, बाबांकडून नको, आणि डिनर टेबलवर सगळ्यांसमोर तर अजिबात नको, गाडीत प्रॅक्टिसहून येताना विचारा.

आता 60 टक्के. आईंचं म्हणणं मी उडवून लावणार नाही कारण आकडा चांगला आहे. आपल्याकडे स्कॉलरशिप म्हटलं की फुल, हे डोक्यात फुटबॉल-बास्केटबॉलमुळे बसलंय. स्विमिंगमध्ये वर्षानुवर्षं मुलींच्या टीमला जास्तीत जास्त 14 स्कॉलरशिप आणि मुलांना 9.9 एवढीच मर्यादा होती, आणि त्या 14 चे तुकडे करून पंचवीस-तीस पोरींत वाटायचे. म्हणजे सरासरी अर्ध्याच्या आसपास, तीही कॉलेजकडे पूर्ण 14 चं बजेट असेल तर. जून 2025 ला हाऊस सेटलमेंट (खेळाडूंनी पैशांसाठी एनसीएएवर केलेल्या दाव्यातली तडजोड) मंजूर झालं आणि त्यात सामील झालेल्या कॉलेजांना स्कॉलरशिपची मर्यादा गेली, त्याऐवजी टीममध्ये किती जण ठेवायचे यावर मर्यादा आली, स्विमिंग-डायव्हिंगला 30. कागदावर तिसांनाही फुल देता येईल. पण मर्यादा उठली म्हणून तिजोरी भरली असं होत नाही, तीच कॉलेजं आता खेळाडूंना थेट पैसे वाटताहेत, पहिल्याच वर्षी 20.5 मिलियन डॉलरपर्यंत, आणि त्यातला मोठा वाटा फुटबॉलला. त्यामुळे सोळा वर्षांच्या पोरीला 60 टक्के सांगणारा कोच तिला रिलेत बघतोय असं समजा.

पण 60 टक्के कशाचे? इथे लोक फसतात. फक्त ट्यूशनचे की राहणं-खाणं-पुस्तकं धरून सगळ्या खर्चाचे? आउट ऑफ स्टेट ट्यूशनचे (बाहेरच्यांची जास्त फी) की इन स्टेटचे (त्याच राज्यातल्यांची कमी फी)? आणि टक्के आहेत की डॉलर? समजा सगळा खर्च वर्षाला 60,000 आहे आणि कोच म्हणाला 36,000 देऊ. पहिल्या वर्षी हिशोब सारखाच. पण फी दरवर्षी 4 टक्क्यांनी वाढली तर चार वर्षांचा एकूण खर्च होतो 2,54,788 डॉलर. खरोखर 60 टक्के मिळत असतील तर तुमच्या खिशातून साधारण 1,01,900 जातील, आणि 36,000 वर गोठवलेले असतील तर 1,10,800. जवळपास नऊ हजारांचा फरक एका शब्दाने पडतो. आणि दोन्हीकडे तुम्ही एक लाखाच्या वर देताय हे विसरू नका, त्यामुळे ज्या कॉलेजात स्विमिंगचे पैसे मिळणार नाहीत पण इन स्टेट फी लागेल, तेही शेजारी मांडून बघा. रटगर्स ही सरकारी युनिव्हर्सिटी तुमच्याच राज्यात आहे. एक साधी शीट करा, चार कॉलम, चार वर्षं, आणि ती बघूनच आई-बाबांनी भांडा. आणि हो, स्कॉलरशिपचा जो भाग राहण्या-खाण्यासाठी असतो त्यावर टॅक्स लागतो, ट्यूशन-पुस्तकांच्या भागावर नाही, हे शीटमध्ये धरा.

आता फोनची तयारी. त्याआधी एक गृहपाठ आहे जो मला खरं तर सगळ्यात आवडतो. कॉन्फरन्स (एकमेकांशी खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) चॅम्पियनशिप फेब्रुवारीत होते, तिचे निकाल नेटवर सगळे मिळतात, स्विमक्लाउड या साइटवर टीमचे टाइमही. तुमच्या पोरीचे 100 बॅक, 200 बॅक आणि 200 आयएमचे यार्डमधले टाइम घ्या आणि बघा की यंदा ती तिथे असती तर कितवी आली असती. पहिल्या आठात म्हणजे ए फायनल, 9 ते 16 बी फायनल. आज सोळावीच्या आसपास येत असेल तर ती पहिल्या वर्षापासून पॉइंट मिळवणारी आहे. मग टीमच्या बॅकस्ट्रोकर्सची यादी काढा. ज्या पोरी आत्ता पहिलं वर्ष संपवून बसल्यात त्या तुमची मुलगी जाईल तेव्हा शेवटच्या वर्षाला असतील, त्यांच्या पुढच्या सगळ्या गेलेल्या असतील. तेव्हा मेडली रिलेला बॅक कोण मारणार? कोणीच उरत नसेल तर कोचला तुमची जितकी गरज आहे तितकी तुम्हाला त्याची नाहीये, आणि ही गोष्ट घरातल्या सगळ्यांना फोनच्या आधी माहिती असलेली बरी, बोलण्यात आपोआप धीर येतो. उलट त्यांनी मागच्या वर्षी दोन बॅकस्ट्रोकर आधीच घेतले असतील तर मग विचारायचं की 30 च्या यादीत माझी जागा पक्की धरलीय ना. हा प्रश्न दोन वर्षांपूर्वी कोणी विचारत नव्हतं, आता विचारायलाच पाहिजे, कारण 30 ची मर्यादा आल्यावर बऱ्याच टीमना पोरं कमी करावी लागली आणि सगळ्यात आधी वॉक-ऑन, म्हणजे स्कॉलरशिपशिवाय खेळणारी, गेली. ट्रान्स्फर पोर्टलमुळे (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) कोचला तयार, विशीतली, फास्ट पोरगी बाहेरून आणता येते हेही आहेच.

फोन पोरीने करायचा. बाबा शेजारी बसा, वही घ्या, तोंड बंद. मला माहितीय अवघड आहे. पण कोचला चार वर्षं हिच्याबरोबर पहाटे सहाला पूलवर काढायचीत, त्याला ती बोलते कशी ते बघायचं असतं, आणि प्रत्येक वाक्यात बाप मध्ये पडतोय हे त्याने ऐकलं की तो मनात काय लिहून ठेवतो ते सांगायला नको. पैशांचा बारीक हिशोब हवा असेल तर पोरीनेच म्हणायचं की माझ्या आई-बाबांना आकड्यांबद्दल तुमच्याशी बोलायचंय, कधी फोन करू दे. मग तो वेगळा फोन.

ती साधारण असं बोलेल. कोच, ऑफरबद्दल खूप थँक्स, मी खरंच खूश आहे आणि तुमचं कॉलेज माझ्या पहिल्या तिनात आहे (खरं असेल तरच). मला निर्णय नीट घ्यायचाय, मी एकदा हो म्हटलं की मागे फिरणार नाही, म्हणून मला ऑगस्टमध्ये व्हिजिटला येऊन टीमला भेटायचंय. तारीख ठरवू या का? आणि तोपर्यंत माझी जागा धरून ठेवता येईल का? यातलं मागे फिरणार नाही हे वाक्य महत्त्वाचं आहे, कोचला भीती असते ती घाईत हो म्हणून सहा महिन्यांनी पळणाऱ्या पोरांची. मग प्रश्न. आकडा कशाचा, किती वर्षांचा, एकेक वर्षाने रिन्यू होणार की चार वर्षांचा करार. माझे टाइम सुधारले तर आकडा परत बघता का, कधी बघता. कॉलेज हाऊस सेटलमेंटमध्ये आहे का. अॅडमिशन ऑफिसने माझे मार्क बघितलेत का. शेवटचा प्रश्न आपली माणसं हमखास विसरतात, कोचची ऑफर म्हणजे अॅडमिशन नव्हे. दहावीचं ट्रान्सक्रिप्ट पाठवून प्री-रीड करून घ्या म्हणावं. एनसीएएच्या अटी, 16 कोअर कोर्स आणि 2.3 जीपीए, या तुमच्या पोरीला काहीच नाहीत, पण त्या कॉलेजच्या इंजिनिअरिंगला घेतील का हा वेगळा विषय आहे. इंजिनिअरिंग करायचं असेल तर दुपारच्या लॅब आणि प्रॅक्टिस यांचं टीममधल्या पोरी काय करतात तेही विचारा. आठवड्याला 20 तासांचा नियम आहे, पण प्रवास आणि फिजिओ त्यात धरत नाहीत, त्यामुळे खरा आकडा टीममधल्या पोरींकडूनच कळतो, व्हिजिटच्या रात्री, कोच नसताना.

फोन झाला की त्याच संध्याकाळी तिने मेल टाकायचा, तुम्ही असं असं म्हणालात असं मी समजले, काही चुकलं असेल तर सांगा. तोंडी ऑफरचा कागद होत नाही याने, पण सहा महिन्यांनी आठवण द्यायला बरं पडतं आणि गोलमोल बोलणारे कोच या मेलला उत्तर देत नाहीत, तेही एक उत्तरच.

घासाघीस करता येते का? येते, पण वाढवून द्या हो, असं नाही. दोन रस्ते आहेत. एक, स्विमिंगच्या पैशावर अॅकॅडमिक मेरिटचे पैसे चढवणं. बऱ्याच सरकारी कॉलेजांत बाहेरच्या राज्यातल्या हुशार पोरांना वेगळी मेरिट मिळते आणि कोचला हे फार आवडतं कारण त्याच्या खिशातून जात नाही. विचारा की दोन्ही एकत्र चालतात का. दुसरा रस्ता म्हणजे दुसरी ऑफर. ज्या चार-पाच कॉलेजांशी बोलणं चालू आहे त्यांना आजच छोटा मेल, मला एक ऑफर आलीय, अमुक तारखेपर्यंत उत्तर द्यायचंय, तुमचं कॉलेज मला आवडतं, मी तुमच्या यादीत कुठे आहे ते सांगाल का. रक्कम आणि कॉलेजचं नाव लिहायची गरज नाही. यात काही लबाडी नाही, कोचना असे मेल रोज येतात आणि आवडतात, निदान पोरगी कुठल्या टप्प्यावर आहे ते तरी कळतं. नसलेली ऑफर मात्र आहे म्हणून सांगू नका, कधीच. ही सगळी मंडळी एकाच पूलच्या काठावर उभी असतात, एकमेकांचे जुने टीममेट असतात, दुपारपर्यंत कळतं.

त्या मेलच्या यादीत मी तुमच्या जागी असते तर दोन-तीन वेगळ्या प्रकारची कॉलेजं घातली असती. आयव्ही लीग खेळासाठी एक डॉलर देत नाही, हाऊस सेटलमेंटमध्येही ते गेले नाहीत, पण गरजेनुसार मदत देतात आणि कोचचा अॅडमिशनमध्ये शब्द चालतो, प्रिन्स्टन तर तुमच्या दारात आहे. डिव्हिजन थ्रीमध्येही खेळाची स्कॉलरशिप नसते, पण एमआयटी, एमरी इथे स्विमिंग जोरात आहे. पोरीचे मार्क चांगले असतील तर 60 टक्के नावाचा आकडा नसलेलं कॉलेज शेवटी स्वस्त पडू शकतं, उत्पन्न किती यावर सगळं आहे. त्यांच्या वेबसाइटवर कॅल्क्युलेटर असतात, अर्धा तास लागतो.

आता व्हिसा. एच-4 वर (एच-1बी वाल्यांच्या मुलांचा व्हिसा) असल्याने खेळाची स्कॉलरशिप अडत नाही, ते कॉलेजचे पैसे आहेत, सरकारचे नाहीत. आपल्याकडची पोरं तर थेट भारतातून येऊन खेळलीत, टेनिसमधली आपली ऋतुजा भोसले टेक्सस ए अँड एम मधून खेळून गेली, अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटमधून. अडतं ते इतर ठिकाणी. फॅफसा, म्हणजे सरकारी मदतीचा अर्ज, तुम्हाला नाही, म्हणजे फेडरल ग्रँट आणि फेडरल लोन दोन्ही नाही, त्यामुळे उरलेले 40 टक्के शेजारच्या अमेरिकन घरासारखे भरता येतील असं धरू नका. काही मेरिट स्कॉलरशिपना सिटिझन किंवा ग्रीन कार्डची अट असते, एकेक विचारून घ्या. आयव्हीतही एच-4 च्या पोरांना आर्थिक मदतीसाठी बहुधा इंटरनॅशनल धरतात, पण हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि एमआयटी इंटरनॅशनल पोरांचाही अर्ज पैशाकडे न बघता वाचतात, म्हणून त्यांचं नाव वर घेतलं.

आणि मोठी गोष्ट म्हणजे 21 वं वर्ष. पोरीचं कॉलेजचं तिसरं वर्ष संपायच्या सुमाराला एच-4 संपेल, तोवर ग्रीन कार्ड आलं नाही तर एफ-1 वर, म्हणजे स्टुडंट व्हिसावर, जावं लागेल. त्याला महिने लागतात, मध्येच कुठे देशाबाहेरचा ट्रेनिंग कॅम्प असला की स्टॅम्पिंगचा घोळ, सीझन ऐन भरात. कोचला हे आत्ताच सांगा, लपवण्यासारखं काही नाही, ज्यांच्या टीममध्ये परदेशी मुली आहेत त्यांचं इंटरनॅशनल ऑफिस हे रोज करतं आणि ज्यांच्याकडे एकही नाही तिथे तुम्हालाच सगळं शिकवावं लागेल, हाही निवडीतला एक मुद्दा धरा. एनआयएल म्हणजे जाहिरातीचे, इन्स्टाचे पैसे मात्र एच-4 किंवा एफ-1 वर विचारून-सवरूनसुद्धा भानगडीचे आहेत, टीममेट करतात म्हणून तिने एक रील केली आणि पैसे घेतले असं होऊ देऊ नका, वकिलाला विचारल्याशिवाय एक डॉलर नाही.

बाकी दुखापतीचं विचारलंत. कागदावर सही झाली की त्या कराराच्या मुदतीत खेळ खराब झाला किंवा खांदा गेला म्हणून पैसे कमी करता येत नाहीत. एका वर्षाचा करार असेल तर पुढच्या वर्षी देणार की नाही ते 1 जुलैपर्यंत लेखी कळवावं लागतं आणि कापले तर अपील करता येतं. म्हणून वर्षं किती हा प्रश्न वर घातलाय. बॅकस्ट्रोकवाल्या पोरींचे खांदे मी बघितलेत, चार वर्षांचा कागद मिळत असेल तर पाच टक्के कमी घेऊनसुद्धा मी तो घेईन, हे माझं वैयक्तिक मत.

एक आगाऊ सूचना. सही होईपर्यंत इन्स्टावर पोस्ट नको, फॅमिली ग्रुपवर तर नकोच. पुण्याचे काका फुल मिळाली का विचारणार, मग 60 टक्के म्हटलं की अरेरे म्हणणार, आणि पोरीने पुढे मत बदललं तर सगळ्या नातेवाइकांना उत्तरं देत बसा. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग अशी गत करून घेतलेली दोन-चार घरं माझ्या ओळखीत आहेत. तोंडी हो म्हटल्यावर मागे फिरता येत नाही असं नाही, पण पोरीवर त्या पोस्टचं ओझं कॉलेजपेक्षा जास्त असतं.

आणि कोच म्हणालाच की नाही, 10 जुलै म्हणजे 10 जुलै? मग आधी विचारायचं की का. कधीकधी खरं कारण असतं, त्याच्याकडे एकाच बॅकस्ट्रोकरचे पैसे आहेत आणि दुसरी मुलगी हो म्हणायला तयार बसलीय, आणि तो ते सरळ सांगतो. असा कोच मला आवडतो. तेव्हा 10 तारखेच्या आत तुम्ही स्वतःच्या खर्चाने गाडी काढून कॅम्पस बघून या, कोचला भेटता येणार नाही, पण पूल, हॉस्टेल, गाव दिसेल, टीममधल्या एखादीच्या पालकांशी फोनवर बोला. हे करून पोरगी टीम नसली तरी इथेच म्हणत असेल, आणि शीटवरचा तुमच्या वाट्याचा आकडा कर्ज न काढता झेपत असेल, तर आईंचं बरोबर आहे, घेऊन टाका, यापेक्षा चांगली ऑफर येईलच असं कोणी सांगू शकत नाही. यातली एक जरी गोष्ट नसेल तर तिने फोन करून ‘नाही’ सांगायचं, आभार मानून, दोन मिनिटांत. अकरावीत तिने सेकंदभर जरी कमी केला तरी याच कोचचा परत फोन येतो, असं होताना मी पाहिलंय, नाही आला तरी बाकीचे येतातच. आणि कारण न सांगता नुसताच घाबरवत असेल, आज नाही तर कधीच नाही, अशा टाइपचा असेल, तर पोरीला विचारा की या माणसाचा हाच आवाज चार वर्षं रोज पहाटे ऐकायचाय का, ती काय ते सांगेल.

फोन मंगळवार-बुधवारी करा, वीकेंडला नको, जुलैत बहुतेक कोच मीटला गेलेले असतात आणि डेकवरून धड बोलत नाहीत.